डिजिटल व्हा म्हणजे नेमकं काय करा? (तालुका-जिल्हा पातळीवरच्या पत्रकारांसाठी)

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. इथे पत्रकार, माजी पत्रकार आणि पत्रकारांवर वैतागलेले असे तिन्ही प्रकारचे सभासद आहेत, म्हणून हा धागा इथेच काढतोय.

मी खानदेशात एका दैनिकाला तालुक्यातून बातम्या देतो. सगळी उमेदवारी छापील अंकातच गेली. आता वरून फर्मान आलंय, 'डिजिटल व्हा'. म्हणजे काय, तर प्रत्येक घटनेचा एक उभा व्हिडिओ, एक आडवा व्हिडिओ, वेबसाइटसाठी लगेच चार ओळी, आणि संध्याकाळी अंकासाठी नेहमीची बातमी. मानधन मात्र तेच, प्रति बातमी. शिवाय पंधरा ऑगस्ट आणि दिवाळी पुरवणीच्या जाहिराती आणायच्या, ते आहेच.

शिकायला माझी ना नाही. 'डिजिटल पत्रकारिता' नावाच्या बऱ्याच कोर्सांची माहितीपत्रकं गोळा केली. सगळीकडे रील कापणं, थंबनेल बनवणं, मथळ्यात कुठले शब्द घातले की गूगलवर वर येतं, हेच. कॅमेऱ्यासमोर नीट बोलता येणं हे कौशल्य आहे, पण ते आमच्या गल्लीतला बारावीतला पोरगाही माझ्यापेक्षा बरं करतो. बातमी दाखवायची कशी हे शिकवणारे ढीगभर आहेत. ती शोधायची कशी, खरी की खोटी हे तपासायचं कसं, आणि उद्या कुणी अंगावर आलं तर पुरावा हातात कसा ठेवायचा, हे शिकवणारं कोणी भेटलं नाही. वेळ मर्यादित आहे, पैसा त्याहून मर्यादित. तुम्ही असता तर आधी काय शिकला असता?

रातपाळी

धागा काढल्याबद्दल आभार. मी पुण्यात डेस्कवर आहे, त्यामुळे तुमच्यासारख्यांच्या बातम्या रोज माझ्या पुढ्यात येतात. माझं उत्तर ऐकून हसाल: आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारखी वाचता आणि शोधता येणारी लिपीची पद्धत) टंकलेखन शिका.

हसू नका. आमच्याकडे अजूनही निम्मा मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा आकृतीच्या फाँटात येतो. तो कन्व्हर्टरमधून काढला की रफार उडतो, 'ऱ्य'चा काहीतरी भलताच प्राणी होतो, आणि रात्री साडेअकराला तो मी हाताने नीट करत बसतो. पण खरी अडचण माझ्या डोळ्यांची नाही. जुन्या फाँटातला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच, ती इंग्रजी अक्षरांची रांग असते आणि फाँट तिला देवनागरीचा मुखवटा चढवतो. त्यामुळे वीस वर्षांच्या अंकांच्या पीडीएफ पडून आहेत आणि त्यात एखाद्या साखर कारखान्याचं नाव शोधायचं तर शोधता येत नाही. आपल्या धंद्याची स्मृती कुलपात आहे. तुम्ही स्वतःच्या जुन्या बातम्या जरी युनिकोडमध्ये आणून ठेवल्यात तरी तालुक्यात तुमच्याकडे असेल तसं संग्रहण कुणाकडे नसेल.

रीलबद्दल: शिकून घ्या, आठवड्याभरात येतं. त्यासाठी पैसे भरू नका.

अवांतर: 'जाणून घ्या सविस्तर' लिहिणाऱ्यांना डेस्कवर काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

चिंचोका

वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आकडेमोड

माझं मत: स्प्रेडशीट. बाकी सगळं नंतर.

एकच उदाहरण देतो, सगळ्यांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक रोखे योजना (नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याची) घटनाबाह्य ठरवली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने स्टेट बँकेकडून आलेल्या दोन याद्या संकेतस्थळावर टाकल्या. एकीत रोखे कुणी घेतले, दुसरीत कोणत्या पक्षाने वटवले. दोन्ही पीडीएफ, मिळून साडेसातशेच्या वर पानं, आणि दोन्हींना जोडणारा धागाच नाही. त्या रात्री ज्यांना पीडीएफमधून तक्ता बाहेर काढता येत होता त्यांनी सकाळपर्यंत कंपनीवार बेरजा छापल्या. बाकीचे 'यादी जाहीर' एवढंच छापून थांबले. मग न्यायालयाने पुन्हा फटकारल्यावर २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक आले. आता दोन्ही तक्त्यांत एक समान रकाना झाला. व्हीलुकअप (दोन तक्ते जुळवणारं एक्सेलमधलं सूत्र) येत असलेल्या कुणालाही कोणत्या कंपनीचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला हे घरबसल्या काढता आलं. त्यातही खोच होती. क्रमांकाच्या आधीची दोन अक्षरं सोडून नुसता आकडा जुळवला तर हिशेब चुकतो, कारण ती अक्षरं रोख्याच्या किमतीप्रमाणे बदलतात. असल्या खोचा तक्त्यात हात घातल्याशिवाय कळत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे दिल्लीचं झालं. तालुक्याला या. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्चाची व्हाउचरं दिसतात. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२६ पर्यंतचा) बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता. गटार म्हणून दाखवलेला पैसा कुठे गेला हे पाहायला कुणाच्या 'खास सूत्रां'ची गरज नाही. शासन निर्णय संकेतांकासह शासनाच्या साइटवर असतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या खरेदी-विक्रीचा गोषवारा, मोफत बघता येते. फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी'वर लागतात. बिल्डरचा प्रकल्प महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या साइटवर. रस्ता होणार असलेल्या गावात मागच्या दोन वर्षांत जमिनी कुणी घेतल्या, हा प्रश्न मनात आला तर या तीन-चार खिडक्या उघडून उत्तराच्या बऱ्याच जवळ जाता येतं.

आता मराठी माणसासाठी खास सूचना, कोर्सात सांगत नाहीत. एक्सेलला देवनागरी आकडे म्हणजे मजकूर वाटतो. १२३ लिहिलेला रकाना निवडून बेरीज मारली की शून्य येतं. आधी ते दहा अंक शोधा-बदला करून इंग्रजी (0 ते 9) करून घ्यायचे. दुसरं, नावं. कुलकर्णी, कुळकर्णी. पाटील, पाटिल. 'ॲ' हे अक्षरच लोक निदान दोन-तीन प्रकारे टंकतात, दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. त्यामुळे नाव जुळलं नाही म्हणून 'नोंद सापडली नाही' असं कधीही छापू नका. आणि नाव जुळलं म्हणून तोच माणूस, असंही नाही. एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात. वडिलांचं नाव, गट क्रमांक, काहीतरी दुसरं जुळल्याशिवाय हात लावायचा नाही.

गिरणाकाठ

@आकडेमोड, बेरीज शून्य येण्याचं कोडं आज सुटलं. मी लॅपटॉपला दोष देत होतो.

पंचगंगा

आकडेमोड यांच्याशी सहमत, पण 'बाकी सगळं नंतर' याला विरोध. तपासणी आधी. तक्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. अफवा छापली तर माणूस परत येत नाही.

गिरणाकाठ, तुमच्याच बाजूचं उदाहरण. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी समजून मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारलं. त्या काळात देशभर मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक होती कराचीतली. दोघे मोटारसायकलवरून येतात आणि मूल उचलून नेतात. मूळ फीत तिथल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती आणि तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात. शेवट कापून ती भारतभर फिरवली गेली. त्यातली एक चौकट थांबवून उलट शोधाला (चित्र देऊन ते आधी कुठे आलंय ते शोधणं) टाकली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. किती स्थानिक वार्ताहरांना ते माहीत होतं? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं मर्यादित केलं, पण ते कंपनीचं झालं. आपण काय केलं?

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे दर पावसाळ्यात २०१९ च्या पुराच्या क्लिपा 'आत्ताच्या' म्हणून येतात, त्यात आता २०२१ च्या चिपळूणची भर. मी पाहतो ते असं. पहिलं, कीफ्रेम, म्हणजे क्लिपमधली ठळक चौकट, काढून गूगल लेन्स आणि यांडेक्स (रशियन शोधयंत्र) दोन्हीकडे टाकायची. यांडेक्सला कधीकधी असं सापडतं जे गूगलला सापडत नाही. इनव्हिड नावाचं ब्राउझरमधलं फुकट अवजार चौकटी आपोआप काढून देतं. दुसरं, दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, एसटीवरच्या आगाराचं नाव. तिसरं मला सगळ्यात आवडतं: पाणीपातळी. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. क्लिपमध्ये पाणी पुलाच्या कुठल्या भागाला लागलंय आणि त्या दिवशीची सरकारी नोंद काय, दोन्ही ताडून पाहायचं. नोंद २८ फूट असताना क्लिपमध्ये दुकानाचं शटर बुडालेलं दिसत असेल तर ती क्लिप आजची नाही, संपलं. यासाठी कुठलंही ॲप लागत नाही, पूल माहीत असावा लागतो. मुंबईत बसलेल्या फॅक्टचेकवाल्यापेक्षा इथे तालुक्याचा वार्ताहर भारी पडतो.

जुना_खिळा

सगळं वाचलं. छान चाललंय. आता थोडं विरजण घालतो.

मी खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवण्यापासून आहे. नंतर फोटोटाइपसेटिंग आलं, मग डीटीपी. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं, नवं शिका नाहीतर मागे पडाल. शिकलो. आणि प्रत्येक वेळी एक खातं गेलं. जुळारी गेले, मग मुद्रितशोधक गेले, मग पान लावणारे. त्यांची कामं बातमीदाराच्या आणि उपसंपादकाच्या अंगावर आली, पगारात न येता. आता छायाचित्रकार जातोय. 'कौशल्य' म्हणतात त्यातलं अर्धं म्हणजे दुसऱ्याचं काढून घेतलेलं काम असतं.

पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या पगारासाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये वैध ठरवल्या. इथल्या किती जणांना त्याप्रमाणे मिळालं? हात वर करा. तालुक्याच्या वार्ताहराला तर कुणी कर्मचारीच मानत नाही. तेव्हा गिरणाकाठ, शिका, पण जे शिकाल ते तुमच्या नावावर राहील असं शिका. संस्थेच्या चॅनेलसाठी रील कापायला शिकलात तर संस्था सोडल्यावर हातात काही उरणार नाही.

आणि एक. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे. फेब्रुवारी २०२३. रिफायनरीच्या संदर्भात बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. तालुक्यात बातमीदार सगळ्यांना चेहऱ्याने माहीत असतो. सूची दोन काढून जमिनीचे व्यवहार छापायला सांगताय, ते छापल्यावर त्याच रस्त्याने त्याला घरी जायचंय.

रातपाळी

हात खालीच आहे माझा.

काळा_डगला

वकिली करते, पत्रकारांच्या काही केसेस पाहिल्यात, म्हणून मध्ये तोंड घालते. जुना_खिळा यांचा शेवटचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. कायदा म्हणून महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. कलमं लागतात, पण माणूस वाचवण्याचं काम कलमाने होत नाही. जोखमीची बातमी एकट्याच्या नावाने देऊ नका. दोन तालुक्यांच्या वार्ताहरांनी मिळून, शक्यतो दोन वेगवेगळ्या अंकांत एकाच दिवशी द्या. म्हणजे एकाला गप्प करून बातमी थांबत नाही. कागदपत्रांची प्रत तालुक्याबाहेर कुणाकडे तरी असू द्या.

आता पुरावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात आणायची तर प्रमाणपत्र लागतं आणि त्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला एक लांबलचक क्रमांक. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी तो बदलतो. फुकट अवजाराने निघतो. बदनामीची नोटीस साधारण बातमी छापल्यावर बऱ्याच महिन्यांनी येते आणि तोवर फोन बदललेला असतो. म्हणून मूळ फाइल लगेच वेगळ्या जागी ठेवा, हॅश डायरीत किंवा स्वतःला ईमेलमध्ये लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि कधी, कुठे काढला याची आतली नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर मूळ फाइल राहते. याची दुसरी बाजूही आहे. तुमच्या सूत्राने पाठवलेली मूळ फाइल तशीच वेबसाइटवर चढवलीत तर ती कुठे काढली हे जगाला कळू शकतं. ठेवताना नोंदीसकट ठेवा, छापताना नोंद पुसून छापा.

सरकारी पान पाहिलं की वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या पानांच्या प्रती जपणारी साइट) जतन करा. यादी गायब होण्याचा अनुभव इथे प्रत्येकाला असेल. तिथे जतन केलेल्या पानावर तारीख-वेळ असते, स्क्रीनशॉटवर तुम्ही काहीही लिहू शकता असा आक्षेप येतो.

माहिती अधिकार. दहा रुपये, एक विषय, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांत. बहुतेक पत्रकार छायांकित प्रती मागतात आणि गठ्ठा घरी आणतात. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळण्याचा हक्क कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येतच आहे, आणि ७(९) सांगतं की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात माहिती सामान्यतः द्यावी. अर्जातच लिहा, 'एक्सेल फाइल ईमेलवर द्यावी'. नाही म्हणाले तर कारण लेखी द्यावं लागतं. मात्र २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या ४४(३) कलमाने माहिती अधिकारातलं ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याबद्दलचं कलम, बदललं आहे. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं आता जास्त सोपं. आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला सूट होती, अंतिम कायद्यात ती नाही. म्हणजे लाभार्थ्यांच्या याद्या संगणकात साठवताना तुम्हीही जपून.

नवशिकी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मी नाशिकला स्वतःचं छोटं यूट्यूब चॅनेल चालवते, आणि काका-काकूंनो, रीलला एवढं हिणवू नका. आमच्या गावातल्या बायका पेपर वाचत नाहीत, पण रेशन दुकानावरचा माझा व्हिडिओ त्यांनी बघितला आणि दुकानावर जाऊन जाब विचारला. बातमी जिथे पोचते तिथे न्यायला नको?

एआयबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून विचारते. मुलाखत शब्दात उतरवायला मी वापरते, वेळ खूप वाचतो. पण समोरची बाई अहिराणीत बोलायला लागली की तो काहीही लिहितो, आणि वाईट म्हणजे ते वाचायला छान, प्रमाण मराठी वाटतं. बातमी लिहून घेणारेही माझ्या ओळखीत आहेत. तुम्ही लोक काय करता?

रातपाळी

@नवशिकी, स्वागत. तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पूर्वीचं कच्चं टंकन चूक असलं की दिसायचं. याची चूक इस्त्री करून येते. आमच्या डेस्कवरचा नियम: उतरवून घ्यायला चालेल, पण अवतरणचिन्हात जे जाईल ते मूळ आवाज ऐकूनच. नाव, हुद्दा, आकडा, कलम, तारीख यंत्राने दिली असेल तर ती नाहीच असं समजून पुन्हा शोधायची. जुन्या छापील पानांवरचा मजकूर ओळखायला मात्र जरूर वापर. गूगल ड्राइव्ह देवनागरी बऱ्यापैकी ओळखतं, जोडाक्षरांत घोळ घालतं. आणि सूत्राने विश्वासाने दिलेला कागद असल्या सेवेत चढवायचा नाही. तो कुणाच्या सर्व्हरवर गेला ते तुला कधीच कळणार नाही.

बातमी लिहून घेण्याबद्दल: पोलिसांच्या प्रसिद्धीपत्रकाची बातमी यंत्राने केली काय आणि आमच्या एका ज्येष्ठाने केली काय, फरक नव्हताच. वाईट वाटून घेऊ नये.

पंचगंगा

नवशिकी यांच्या रेशनच्या व्हिडिओवरून आठवलं. रोहयोच्या कामावर हजेरीचे फोटो ॲपवर चढवणं २०२३ च्या सुरुवातीपासून सक्तीचं झालं होतं. लोकांनी फोटोचाच फोटो काढून चढवला, आणि हे खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने २०२५ च्या पत्रात राज्यांना लिहिलं. ते फोटो संकेतस्थळावर उघड दिसत होते, कुणालाही. एकाच गटाचा फोटो दोन हजेरीपत्रकांवर, पुरुषांच्या नावांवर बायकांचा फोटो. ही बातमी मंत्रालयाच्या आधी आपल्यापैकी कुणीतरी द्यायला हवी होती, की नको?

जुना_खिळा

द्यायला हवी होती. ती द्यायला रोज संध्याकाळी दोन तास बसावं लागलं असतं. ते दोन तास उभा व्हिडिओ आणि आडवा व्हिडिओ करण्यात गेले, एवढंच म्हणतोय मी.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलंय असं: कोर्सचे पैसे भरत नाही. रील नवशिकी म्हणतात तसं करीन, पण बातमी पक्की झाल्यावर, आधी नाही. जुन्या बातम्या युनिकोडमध्ये आणायला भाचीला बसवलंय. शेजारच्या तालुक्यातल्या दोघांशी बोललो, काळा_डगला ताईंनी सांगितलं तसं एकत्र काम करायला तयार आहेत, कागदांची प्रत नाशिकला मित्राकडे राहील.

सुरुवात ग्रामपंचायतीच्या खर्चापासून करतोय. @आकडेमोड, ई-ग्रामस्वराजवर एका गावाची व्हाउचरं उघडली. ज्याला पैसे दिले त्या रकान्यात नुसती दुकानांची नावं आहेत, काम कोणतं ते कळत नाही. इथून पुढे कसं जायचं?

आकडेमोड

व्हाउचरांचा तक्ता करून पिव्होट टेबलने (एक्सेलमधली गटवार बेरजांची सोय) दुकानवार बेरीज काढा. वर्षभरात सगळ्यात जास्त रक्कम गेलेली पहिली पाच नावं घ्या. मग आराखड्यात त्या वर्षी कोणती कामं होती ती दुसऱ्या पानावर लिहा. एकच दुकान सिमेंटही देतं, बल्बही देतं आणि संगणकही दुरुस्त करतं असं दिसलं की माहिती अधिकारात तेवढ्याच व्हाउचरांची बिलं, कोटेशनं आणि मोजमाप पुस्तिकेची पानं मागा. सगळी मागू नका, सहा महिने लटकवतील. आणि पहिलं गाव असं घ्या की जिथला ग्रामसेवक तुम्हाला ओळखत नाही.

गिरणाकाठ

ग्रामसेवक भाऊसाहेब मला ओळखत नाहीत असं गाव आमच्या तालुक्यात नाही हो.

रातपाळी

मग शेजारच्या दोघांशी तालुके अदलाबदल करा.